‘चालू स्थितीत’: बाबांचा स्टुडिओ आवरतानाच्या नोंदी

२ जून २०२४, कोल्हापूर

आज यादी पूर्ण झाली. एकूण ३८ वस्तू. बाबांनी स्टुडिओ बंद केला तेव्हापासून सगळं सामान वरच्या खोलीत पडून होतं, आणि बाबा गेल्यावर वर्षभर आम्ही कुणी त्या खोलीचं दार नीट उघडलंही नव्हतं. एन्लार्जर, तीन तिवया, छत्र्या, डार्करूमच्या ताटल्या, लाल दिवा, चार कॅमेरे, दोन फ्लॅश. आईचं म्हणणं एवढंच की त्यातला आग्फा क्लिक-३ हा कॅमेरा कुणाला द्यायचा नाही. बाकीचं वापरणाऱ्याच्या हातात जावं, भंगारात नको.

मी वहीत चार रकाने आखलेत: वस्तू, अवस्था, अपेक्षित किंमत, कुणाला विकली. रोज रात्री जेवणं झाली की एक तास. पावसाळ्याच्या आत निम्मं तरी संपवायचं, कारण दमट हवेत काचांवर बुरशी धरते. दोन लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी धरलेली आत्ताच दिसली.

९ जून

पहिल्या सहा जाहिराती टाकल्या. फोटो खिडकीच्या उजेडात काढले. चरे, पोचे, बुरशी, सगळं जवळून दाखवलं.

याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएनची जाहिरात लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. हा बाबांचा लग्नसराईतला दुसरा कॅमेरा. हे मॉडेल १९७३ पासूनचं. पंचेचाळीस मिलिमीटरची एफ १.७ लेन्स, आणि लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवलं की शटरचा वेग कॅमेरा स्वतः निवडतो. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढला, बटण दाबलं, शटर वाजलं. लिहिलं, ‘चालू स्थितीत’. किंमत ५,५०० रुपये.

तासाभरात एक फोन. समोरचा म्हणाला, मी लष्करात आहे, बदली झाली आहे, पैसे आत्ता पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. फोन ठेवला आणि आईला बोलावून दाखवलं: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. आई घरी एकटी असताना असा फोन आला तर तिला हे माहीत हवं.

१५ जून

याशिका गेला. नाशिकचा मुलगा आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणाला, ताई, पहिल्यांदाच फिल्मवर काढणार आहे. घासाघीस केली नाही. कॅमेऱ्याचे ५,५०० आणि कुरिअरचे २१० असे ५,७१० रुपये यूपीआयने माझ्या खात्यावर आले.

बबल रॅपचे तीन थर, त्यावर थर्माकोल, मग खोका. तळावरचा क्रमांक फोटोत घेतला आणि वहीतही लिहिला. बाबा गिऱ्हाइकाच्या प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर क्रमांक टाकायचे. बॅटरीचा कप्पा रिकामाच होता, तो तसाच पाठवला.

२० जून

दुपारी कामाच्या मध्ये मेसेज आला. पार्सल मिळालं, पण ‘कॅमेरा बंद आहे. एकच स्पीड मारतोय. लाइट लागत नाही. मला पूर्ण पैसे परत पाहिजेत.’

मी लिहिलं, संध्याकाळी बोलूया. त्याला वाटलं मी टाळते आहे. सहापर्यंत अकरा मेसेज आले होते. शेवटच्यात होतं, ‘कोल्हापूरला पूर येतो. हा पुरात भिजलेला कॅमेरा तुम्ही मला विकला.’

हे फार लागलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये स्टुडिओत पाणी शिरलं तेव्हा बाबांनी आणि मी रात्री दोन वाजता सगळे कॅमेरे डोक्यावरून वरच्या मजल्यावर नेले होते. भिजली ती बैठकीची खुर्ची आणि जुने पडदे. एकाही कॅमेऱ्याला पाणी लागलं नाही. रागाच्या भरात दीड पान लिहिलं, पाठवलं नाही. एवढंच कळवलं की कॅमेऱ्याला पाणी लागलेलं नाही, आणि तपासून उद्या बोलते.

२१ जून

आज वटपौर्णिमा. सकाळपासून गल्लीत बायकांची वडाकडे जा-ये चाललेली. आई खिडकीशी बसून होती. तिला यातलं काही सांगितलं नाही.

मुलाचा फोन आला. आवाज चढलेला. म्हणाला, आज पैसे आले नाहीत तर १९३० वर तक्रार करतो. हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. तक्रार नोंदली गेली की ज्या खात्यात पैसे आले तिथे रक्कम अडकवता येते, कधी कधी व्यवहारच थांबतात, आणि ते सोडवायला खातेदाराला बँक आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या माराव्या लागतात. माझा पगार त्याच खात्यावर येतो आणि पाच तारखेला घराचा हप्ता त्यातूनच जातो. भीती वाटली, हे इथे लिहून ठेवते.

ऑफिसातल्या सगळ्यांचं एकच मत: सेकंड हँड माल आहे, पाहून घ्यायला हवा होता, तू एक पैसा देऊ नकोस. एकाने तर त्याचा नंबर ब्लॉक कर म्हणून सांगितलं. मला हे पटत नाही. त्याने फोटो पाहून आणि माझ्या शब्दावर पैसे दिले. नाशिकहून कोल्हापूरला येऊन तो काय पाहून घेणार होता?

२२ जून

शेजारच्या वकील वहिनींकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि आधी माझी जाहिरात वाचायला मागितली. तोपर्यंत मी फक्त त्याचे मेसेज परत परत वाचत होते, स्वतःची जाहिरात एकदाही उघडून पाहिली नव्हती.

त्या म्हणाल्या, घरातली जुनी वस्तू एकदा विकणारी व्यक्ती आणि नेमाने धंदा करणारा विक्रेता यांत कायदा फरक करतो. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम खाजगी माणसाच्या अशा एखाद्या विक्रीला लागू होत नाहीत. त्यामुळे ग्राहक आयोगाची भीती बाळगू नकोस. पण १९३० चा माल विक्री कायदा आहे. (हेल्पलाइनचा क्रमांक आणि कायद्याचं साल एकच आहे, हे त्यांनीच लक्षात आणून दिलं.) त्याच्या १६ व्या कलमात सर्वसाधारण तत्त्व असं की खरेदीदाराने स्वतः पारखून घ्यावं. ऑफिसातले लोक तेच सांगतात. त्याच्या आधीचं १५ वं कलम मात्र कुणी सांगत नाही: वर्णनावरून माल विकला तर माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे.

‘‘तू काय वर्णन केलंस?’’

‘‘चालू स्थितीत.’’

‘‘मग चालू आहे का, एवढाच प्रश्न आहे. जुना आहे की नवा, हा प्रश्नच नाही.’’

घरी येऊन इलेक्ट्रो ३५ बद्दल जेवढं सापडलं तेवढं वाचलं. या कॅमेऱ्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. बॅटरी नसली तरीही ते वाजतं, पण तेव्हा दर वेळी सेकंदाच्या पाचशेव्या भागाचाच वेग मिळतो, उजेड कितीही असो. म्हणजे मी खटका ओढून बटण दाबलं आणि आवाज ऐकून ‘चालू’ लिहिलं, तो आवाज बंद कॅमेऱ्यातूनही आला असता. माझी तपासणी तपासणीच नव्हती. बॅटरीशिवाय तपासलंय हे जाहिरातीत लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती, ते मी लिहिलं नाही.

दुसरी शक्यता उरते: त्यानेही बॅटरीशिवायच वापरून पाहिला असेल आणि कॅमेऱ्यात दोषच नसेल. ते तपासायला हवं, त्याच्यासमोर.

२३ जून

त्याला लिहिलं. शब्द इथे उतरवून ठेवते, कारण वळण इथूनच मिळालं.

‘जाहिरातीत मी चालू स्थितीत लिहिलं, पण बॅटरी घालून तपासलं नव्हतं. ही माझी चूक आहे. कॅमेऱ्यात दोष निघाला तर तुझे पूर्ण पैसे, कुरिअरसकट, परत देईन. त्याआधी उद्या व्हिडिओ कॉलवर दोघांनी मिळून तपासू. बॅटरी मिळेल का बघ, तिचे पैसे मी देते.’

दहा मिनिटांनी उत्तर आलं, ‘ओके ताई.’ तीन दिवसांत पहिल्यांदा ताई म्हणाला.

या कॅमेऱ्याला मूळ ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची. पारा विषारी म्हणून त्या बॅटऱ्या बाजारातून गेल्या. आता लोक ४एलआर४४ नावाची ६ व्होल्टची छोटी बॅटरी वापरतात. ती कप्प्यात सैल बसते, म्हणून कागदाची सुरळी करून तिच्यात बसवायची आणि उरलेली लांबी स्प्रिंगने किंवा चांदीच्या कागदाच्या बोळ्याने भरायची. हे त्याला सगळं समजावून लिहिलं.

२४ जून

रात्री नऊ वाजता कॉल. त्याच्या खोलीत आणखी दोन मुलं होती, बहुतेक साक्षीदार म्हणून. असू देत.

बॅटरी घातली. मागचं बटण दाबल्यावर हिरवा उजेड आला. म्हणजे वीज पोचते आहे. मला हुश्श झालं आणि त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आता मी म्हणणार बघ, चालू आहे. मी म्हटलं थांब, अजून झालं नाही.

समोरच्या बाजूला उजेड मोजणाऱ्या मीटरचा छोटा डोळा असतो. त्यावर बोट ठेवून बटण अर्धं दाबलं की पिवळा दिवा लागायला हवा, कारण कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. पूर्ण दाबलं की शटर बराच वेळ उघडं राहायला हवं. आम्ही सहा वेळा केलं. पिवळा दिवा एकदा लागला, पाच वेळा नाही. शटर सहाही वेळा तसंच, झटकन.

मी कॉल चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून शाहूपुरीतल्या दुरुस्तीवाल्या काकांना लावला. बाबांचे कॅमेरे तेच बघायचे. ते म्हणाले, त्या पोराला सांगा, खटका हळूहळू ओढ आणि फोन जवळ धर. त्याने ओढला. काकांनी दोनदा ऐकलं.

‘‘टक्क करत न्हाई बघा ताई. खटका ओढताना आत टक्क व्हायला पायजे. पॅड गेलाय.’’

आत रबराचा एवढासा तुकडा असतो. पन्नास वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो. तो गेला की आतल्या दांड्याचा आणि स्विचचा ताळमेळ सुटतो, आणि उजेड मोजून शटरला जे सांगायचं ते नीट पोचत नाही. या मॉडेलचा हा प्रसिद्ध आजार आहे. काका म्हणाले, पाण्याचा यात काही संबंध नाही, न वापरता ठेवला तरी होतं.

हे काका बोलत असताना मुलगा ऐकत होता. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग तो म्हणाला, पुराचं मी बोलायला नको होतं. मी म्हटलं, तुला माहीत कसं असणार.

२५ जून

तीन पर्याय दिले. कॅमेरा परत पाठव, पूर्ण पैसे आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर मी देते. किंवा कॅमेरा तूच ठेव, १,५०० रुपये परत देते, नाशकात दुरुस्त करून घे. किंवा मला पाठव, मी दुरुस्त करून परत पाठवते. रात्रभर विचार करून त्याने पहिला घेतला. घरचे ओरडतायत म्हणाला. ठीक.

आता अडचण आधी कोण काय करणार याची. मी म्हणणार कॅमेरा आला की पैसे देते. तो म्हणणार कॅमेरा गेला आणि पैसे आले नाहीत तर? दोघांचंही बरोबर आहे. शेवटी असं ठरलं: तो पॅक करताना व्हिडिओ काढेल, त्यात तळाचा क्रमांक दिसेल. कुरिअरच्या पावतीचा फोटो आला की मी २,८५० पाठवीन. पार्सल आल्यावर मी न थांबवता व्हिडिओ काढत उघडेन, क्रमांक आणि स्क्रू पाहीन, आणि त्याच दिवशी उरलेले देईन. कॅमेरा कुठेही उघडायचा नाही. हे सगळं मेसेजमध्ये लिहिलं आणि दोघांनीही ‘मान्य’ असं लिहिलं.

तक्रार केली आहेस का, हेही स्पष्ट विचारलं. नाही म्हणाला. तेही त्याच्या शब्दांत लिहून घेतलं. वहिनींनी बजावलं होतं की तक्रार झालेली असेल तर नुसते पैसे परत देऊन प्रकरण मिटत नाही, ज्याने केली त्यानेच ती मागे घ्यावी लागते.

२८ जून

पावती आली. परतीच्या कुरिअरचे २४० लागले. २,८५० पाठवले. पैसे ज्या यूपीआय आयडीवरून आले होते त्याच आयडीवर परत केले. त्याने मध्ये मित्राचा नंबर दिला होता, स्वतःचं यूपीआय त्या दिवशी चालत नव्हतं म्हणून. मी थांबले, संध्याकाळी त्याचं सुरू झाल्यावर पाठवले. पैसे एकाकडून घेतले आणि दुसऱ्याला दिले तर पुढे हिशोब दाखवता येत नाही. शेऱ्यात लिहिलं: ‘याशिका परत, पहिला हप्ता’.

३ जुलै

पार्सल आलं. आईने फोन धरला, मी कात्री चालवली. (आईला आता सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, बाबांनी लग्नाचे फोटो खराब आले म्हणून एकाचे पूर्ण पैसे परत दिले होते, तुला आठवत नसेल, तू लहान होतीस.) क्रमांक जुळला. स्क्रूंना हात लागलेला नाही.

पण लेन्सच्या कड्यावर डावीकडे एक पोचा दिसला. पोटात गोळा आला. कुरिअरमध्ये झाला, त्याच्या हातून पडला, की आधीचाच? पैसे कापायचे असतील तर बोलायची वेळ हीच होती. ९ जूनचे फोटो काढले. जाहिरातीत टाकलेल्या फोटोंत ती बाजू नव्हती. फोनमध्ये मात्र न टाकलेले आणखी चौदा फोटो होते. त्यातल्या एकात, कोपऱ्यात, पोचा आहे. आधीचाच आहे. तो दाखवायचा राहून गेला होता.

उरलेले ३,१०० लगेच पाठवले. एकूण ५,९५०. बॅटरीचे १२० वेगळे. त्याने लिहिलं, ‘पूर्ण रक्कम मिळाली, माझी काही तक्रार नाही.’ स्क्रीनशॉट घेऊन सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं: जाहिरात, मेसेज, दोन्ही व्हिडिओ, पावत्या.

हप्ता ५ तारखेला वेळेवर जाईल.

१७ जुलै

आषाढी. सुट्टी होती म्हणून काकांच्या घरीच कॅमेरा नेऊन दिला. १,४०० म्हणाले. पॅड नवा, जोडण्या साफ, मागच्या दाराचा स्पंजही बदलणार, तो गळून काळं पीठ झाला आहे. त्यातून उजेड आत शिरला असता. हा तिसरा दोष मला कुणी सांगितलाही नव्हता.

२६ जुलै

पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेली आहे. खोलीतलं उरलेलं सामान आधीच वरच्या मजल्यावर आहे, तरी खालच्या फळीवरचं उचलून पलंगावर ठेवलं. काका फोनवर म्हणाले, कॅमेरा कोरडा आहे, माझ्याच उशाशी आहे, पाणी उतरल्यावर या.

घरात अडकून पडल्यामुळे वही पुढे घेतली. ‘अवस्था’ या रकान्यात मी १९ ठिकाणी ‘चालू’ लिहिलं होतं. ते सगळे खोडले. त्याच्या जागी तीन रकाने केले: काय तपासलं, कसं तपासलं, काय तपासलं नाही. मोठ्या फ्लॅशपुढे लिहिलं: दिवा लागतो, चार्ज व्हायला २० सेकंद, सलग दहाच्या वर वेळा उडवून पाहिलेला नाही. दुसऱ्या एका कॅमेऱ्यापुढे: शटर वाजतं, वेग बरोबर आहेत की नाही माहीत नाही, फिल्म घालून पाहिलेली नाही. असं लिहिल्यावर किंमत कमी येईल. एका मैत्रिणीने तेच सांगितलं. येऊ दे.

११ ऑगस्ट

याशिका परत आला. काकांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ओढा. आत टक्क. एवढा जाड, भरीव आवाज असतो हे मला ठाऊकच नव्हतं, आणि बाबांच्या हातात हा कॅमेरा मी शेकडो वेळा ऐकला असणार.

३६ फोटोंचा एक रोल घालणार आहे. उन्हात, सावलीत, घरात, आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली. प्रत्येक फोटोची नोंद ठेवायची. रोल धुऊन आला की त्यातलेच फोटो जाहिरातीत टाकायचे. नाशिकच्या मुलाने मध्येच विचारलं होतं, दुरुस्त झाला का? हो म्हणून कळवलं. पुन्हा घेणार का, ते त्याने विचारलं नाही आणि मीही सुचवलं नाही.

१४ ऑगस्ट

साताऱ्याच्या एका बाईंनी घडीच्या कॅमेऱ्याबद्दल विचारलं आहे. भाता (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी घड्यांची नळी) फाटलेला आहे का? जाहिरातीत लिहिलं होतं, ‘बाहेरून चांगला दिसतो, आतून तपासलेला नाही.’ त्यांना म्हटलं, एक तास द्या.

खोलीचे दिवे घालवले, पडदे ओढले, टॉर्च भात्याच्या आत धरली आणि बाहेरून फिरवत पाहिलं. घडीच्या कोपऱ्यांवर दोन ठिकाणी टाचणीएवढा उजेड आला. डावीकडे खाली एक, वर मधोमध एक. अंधारातच फोटो घेतला. त्यात दोन ठिपके स्पष्ट दिसतात. तो त्यांना पाठवला आणि जाहिरातीत पहिला फोटो म्हणूनही तोच लावला.